जुना ब्राउझर, न उघडणाऱ्या वेबसाइट : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. मशीन ठणठणीत आहे, इंटरनेट चालू आहे, पण साइट उघडत नाही. इलाज शोधण्याआधी पडद्यावर नेमकं काय दिसतं ते पाहून ठेवा. पानाऐवजी सुरक्षिततेचा इशारा येत असेल किंवा जोडणीच होत नसेल, तर घोटाळा घड्याळात, साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रात किंवा टीएलएसमध्ये (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीत) असतो. पान कोरं राहतं किंवा नुसतं चक्र फिरत बसतं, तेव्हा जावास्क्रिप्ट (पान चालवणारा कोड, म्हणजेच स्क्रिप्ट) अडलेली असते. मजकूर येतो पण रंग, रकाने आणि चित्रं विस्कटतात, तेव्हा सीएसएस (पानाची सजावट सांगणारी भाषा) किंवा चित्राचा प्रकार ब्राउझरच्या ओळखीचा नसतो. एका दुखण्याचं औषध दुसऱ्यावर चालत नाही. आलेल्या पत्रांतले निम्मे खटाटोप नेमके यामुळेच वाया गेले आहेत.

प्रश्न : दुकानातल्या संगणकावर विंडोज ७ आहे, रॅम ४ जीबी. क्रोम सांगतं की यापुढे अपडेट मिळणार नाहीत. बऱ्याच साइट चालतात, पण काहींवर बटणं दिसतच नाहीत, माउस नेला की तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं. क्रोम काढून पुन्हा टाकलं, फरक नाही. (व्यापारी, लातूर)

विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. कितीही वेळा काढून टाकलंत तरी तीच येणार. एजचंही तसंच, तोही १०९ वरच थांबला.

बटणं नाहीशी होण्याचं कारण मजेशीर आहे. ब्राउझरला सीएसएसमधली एखादी ओळ कळली नाही, तर तो ती गुपचूप सोडून पुढे जातो, चूक दाखवत नाही. अलीकडच्या बऱ्याच साइट रंग 'ओकेएलसीएच' या नव्या पद्धतीने लिहितात. ती पद्धत क्रोमला १११ पासून समजते. टेलविंड या लोकप्रिय सीएसएस साधनाची चौथी आवृत्तीही क्रोम १११ च्या खाली चालण्याची हमी देत नाही. तुमचा १०९ दोन पायऱ्या अलीकडे राहिला. बटणाची निळी पार्श्वभूमी त्याने सोडून दिली, त्यावरची पांढरी अक्षरं मात्र रंगवली. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं दिसणार कशी?

म्हणून तुमच्यासाठी पहिला उपाय फायरफॉक्स ११५ ईएसआर (दीर्घकाळ अपडेट मिळणारी शाखा). विंडोज ७, ८ आणि ८.१ साठी हीच शाखा शेवटची, आणि मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली. ओकेएलसीएच फायरफॉक्सला ११३ पासून कळतं, त्यामुळे रंग परत येतात. टेलविंडच्या नव्या आवृत्तीला फायरफॉक्स १२८ लागतो, तेव्हा कुठे सावली, कुठे कड गायब दिसेल. पण बटण दाबता येईल.

मोझिलाच्या डाउनलोड पानावरून नेहमीचा ताजा फायरफॉक्स घेऊ नका, तो विंडोज ७ वर बसत नाही. मोझिलाच्याच जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यातून ११५ ईएसआर शाखेतला सगळ्यात मोठ्या क्रमांकाचा घ्या. कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की 'सिस्टिम टाइप'समोर ३२ की ६४ बिट ते कळतं, त्याप्रमाणे फाइल निवडा. क्रमांक ११५.१३ च्या खालचा असेल तर तो टाकू नका. मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारावर बाकीची प्रमाणपत्रं खरी ठरतात) १४ मार्च २०२५ ला संपलं आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत जोडलेली ॲड-ऑन बंद पडतात.

'यूजर एजंट बदला' असा सल्ला तुम्हाला कोणी दिलाच असेल. ही ब्राउझरची स्वतःची ओळख सांगणारी ओळ असते, आणि फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिग उघडून 'जनरल.यूजरएजंट.ओव्हरराइड' या नावाने ती बदलता येते. साइट फक्त क्रमांक पाहून दारातूनच परत पाठवत असेल, तरच याचा उपयोग. एरवी नुकसान होतं. ओळख नवी सांगितली की साइट स्क्रिप्टही नवी पाठवते, ती जुन्या इंजिनाला झेपत नाही. शिवाय 'तुम्ही माणूस आहात ना' असं तपासणाऱ्या पानाला सांगितलेली ओळख आणि प्रत्यक्ष वागणूक यांत तफावत दिसते, मग ते पान पुन्हा पुन्हा स्वतःकडेच येत राहतं. प्रयोग झाला की ती नोंद पुसून टाका.

सुपरमियम नावाचा, क्रोमचं मूळ इंजिन घेऊन जुन्या विंडोजसाठी बेतलेला ब्राउझरही आहे. त्यावर नव्या साइट बऱ्याच चालतात. पण तो मोजक्या हातांनी सांभाळलेला आहे आणि खालची विंडोज तर जुनीच. बँक आणि जीएसटीचं काम त्यावर करू नये, ते चालू अपडेट मिळणाऱ्या फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर करा.

४ जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहा. ताजा ब्राउझर मिळण्याचा हाच सरळ रस्ता आहे. बिलिंगचा प्रोग्राम आणि बिलाचा प्रिंटर त्यावर चालतो का, हे मात्र आधी बघा. न चालल्यास दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर कुठलीही साइट उघडा, गूगलसुद्धा, 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतं. मोबाइलवर त्याच वायफायवर सगळं नीट. (विद्यार्थिनी, नांदेड)

खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. वर्षच चुकलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळ्याच साइट एकदम नापास होतात, तेव्हा दोष साइटचा नसतो.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बंद मशीनचं घड्याळ मागे जातं. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तुमच्या संगणकाच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नाही. ही प्रमाणपत्रं आता अल्पायुषी होत चालली आहेत. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती, १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. घड्याळ महिनाभर मागे असलं तरी पूर्वी निभायचं, कारण बहुतेक प्रमाणपत्रं महिन्याहून आधी दिलेली असायची. पुढे ते निभणार नाही.

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. सेल धरणारी पत्ती बाजूला दाबली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजा, नवा ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली गेलेला कामाचा नाही. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ भरा. तिथे आणखी एक गोष्ट तपासा. सेल संपल्याने बाकीची मांडणीही मूळपदावर जाते. हार्ड डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली असेल, तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद होते, आणि माणसाला वाटतं सेल बदलताना काहीतरी जळलं. ती पुन्हा पूर्वीसारखी केली की झालं. लॅपटॉपमधला सेल बहुधा वायर आणि पिन लावलेला असतो, तो तसाच्या तसा मागावा लागतो.

प्रश्न : आयपॅड २ वर सफारीत निम्म्या साइट 'कान्ट व्हेरिफाय सर्व्हर आयडेंटिटी' म्हणतात. क्रोम टाकला तरी तेच. आईला फक्त मराठी वाचायला हवं आहे. (पुणे)

आयपॅडवर नाव कोणतंही असो, आतलं इंजिन ॲपलचंच असतं, आणि ते आयओएससोबतच अद्ययावत होतं. आयपॅड २, आयपॅड ३ आणि पहिला मिनी ९.३.५ वर थांबले, मोबाइल नेटवर्कची सोय असलेली काही मॉडेलं ९.३.६ वर. त्यामुळे तिथे ब्राउझर बदलून फरक पडत नाही.

इशाऱ्याचं कारण बहुधा असं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साइटना फुकट प्रमाणपत्रं देते. तिची जुन्या उपकरणांतली ओळख 'डीएसटी रूट सीए एक्स३' या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती आणि ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं 'आयएसआरजी रूट एक्स१' आयओएस १० पासून आतच आहे, ९ मध्ये नाही. ते हाताने घालता येतं. दुसऱ्या, चांगल्या संगणकावर लेट्स एन्क्रिप्टच्या स्वतःच्या साइटवरून ती फाइल उतरवा, आईच्या ईमेलवर जोडून पाठवा, आयपॅडच्या मेल ॲपमध्ये तिच्यावर टिचकी मारा, 'इन्स्टॉल' म्हणा आणि पासकोड द्या. ९ वर एवढं पुरतं. नवी नोंद सेटिंग्ज, जनरल, प्रोफाइल इथे दिसेल. घरात १०.३ किंवा पुढचं एखादं उपकरण असेल आणि त्यावर कुठलं प्रमाणपत्र असं हाताने घातलं, तर जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळं बटणही चालू करावं लागतं.

दुसऱ्या कुठल्या साइटवरून 'तेच प्रमाणपत्र' घेऊ नका. मूळ प्रमाणपत्र ज्याचं, तो तुमच्या उपकरणाला कुठलीही साइट खरी म्हणून पटवू शकतो.

यातून इशारा जाईल, पान नीट दिसेलच असं नाही. आयओएस ९ च्या सफारीला जावास्क्रिप्टचे बाणवाले फंक्शन कळत नाहीत, रकाने मांडणारी सीएसएस ग्रिड कळत नाही (ते १०.३ ला आलं), आणि वेबपी या नव्या प्रकारची चित्रं तर १४ च्या आधी दिसतच नाहीत. वाचनापुरती एक युक्ती चांगली लागू पडते. सेटिंग्ज, सफारी, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा. अर्धवट चाललेली स्क्रिप्ट पान कोरं करते, ती नसली की सर्व्हरने पाठवलेला मजकूर तसाच उरतो. मराठी विकिपीडिया असा उत्तम वाचता येतो. पत्त्याच्या पट्टीत वाचक-दृश्याचं चिन्ह आलं तर तेही वापरा, अक्षर मोठं करता येतं. त्या चिन्हाला मात्र स्क्रिप्ट लागू शकते, तेव्हा दोन्ही तऱ्हा करून बघा.

प्रश्न : वाचनालयात विंडोज एक्सपीचा संगणक आहे, १ जीबी रॅम, इंटरनेट एक्स्प्लोरर ८. हल्ली एकही साइट उघडत नाही. पूर्वी उघडायच्या तेव्हाही मराठी जोडाक्षरं तुटायची. (ग्रंथपाल, सिंधुदुर्ग)

एक्सपीवरचा एक्स्प्लोरर सुरक्षित जोडणीसाठी टीएलएस १.० च्या पुढे जात नाही, आणि ते बहुतेक सर्व्हरनी बंद केलं आहे. दुसरी अडचण: आज एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट असतात, त्यामुळे जोडणी करतानाच 'मला अमुक साइट हवी' असं नाव सांगावं लागतं. एक्सपीवरचा एक्स्प्लोरर ते सांगतच नाही. सेटिंगमध्ये कुठलीही खूण करून हे सुटत नाही.

क्रोमची एक्सपीवरची शेवटची आवृत्ती ४९. ती प्रमाणपत्रांची यादी एक्सपीकडूनच उसनी घेते, म्हणून पुन्हा अडते. फायरफॉक्स ५२.९ ईएसआर घ्या. त्याची टीएलएस यंत्रणा आणि प्रमाणपत्रांची यादी दोन्ही स्वतःची, आणि वर सांगितलेलं आयएसआरजी प्रमाणपत्र त्यात आधीच आहे. प्रोसेसर पेंटियम ४ किंवा त्यापुढचा हवा, कारण एसएसई२ (प्रोसेसरचा एक सूचनासंच) नसलेल्यावर तो सुरूच होत नाही. एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ टाकून घ्या. फायरफॉक्स ६८ वर बेतलेला मायपाल ६८ हाही एक्सपीवर चालतो आणि साइट थोड्या जास्त उघडतो, पण १ जीबीत दोन-तीन टॅबच्या पुढे जाऊ नका.

जोडाक्षरांचं उत्तर ब्राउझरपेक्षा एक्सपीत आहे. कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फाइल बसवण्याचा चौकोन आहे. तिथे खूण केली की एक्सपीची सीडी मागतो. सीडीवरचं 'आय३८६' फोल्डर दाखवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यातूनच मिळतो. वीसेक वर्षांपूर्वीच्या काही मराठी साइट मात्र युनिकोडमध्ये नाहीतच, त्यांना त्यांचा त्यांचा फॉन्ट लागतो. तो नसेल तर नव्या संगणकावरही अगम्य अक्षरंच दिसणार.

एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली. वाचकांना त्यावर ईमेल उघडू देऊ नका.

प्रश्न : अँड्रॉइड ७ च्या फोनमध्ये एका ॲपचं पैसे भरण्याचं पान पांढरं येतं. ब्राउझरमध्ये मात्र तेच पान दिसतं. (कल्याण)

ॲपमधलं पान वेबव्ह्यू नावाचा घटक दाखवतो. अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये ते काम बहुधा क्रोमच करतो. जागा वाचवायला क्रोम 'डिसेबल' केला असेल तर तो चालू करा आणि प्ले स्टोअरमधून अपडेट करा. अँड्रॉइड ५ आणि ६ वर 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' वेगळा असतो, तो अपडेट करावा लागतो. अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ पर्यंत, ७ वर ११९ पर्यंत, ८ आणि ९ वर १३८ पर्यंत जातो. तिथपर्यंत नेऊनही पान पांढरंच राहिलं, तर ब्राउझरमधून भरणा करा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या साइटवर जुन्या फोनवाल्यांना कोरं पान दिसतं. पॉलीफिल घातले आहेत. तरी? (वेब डेव्हलपर, नाशिक)

पॉलीफिल म्हणजे जुन्या ब्राउझरची उणीव भरून काढणारा जोडकोड. तो नसलेलं फंक्शन पुरवतो, नसलेलं व्याकरण नाही. प्रश्नचिन्ह आणि लगेच टिंब, म्हणजे '?.' ही खूण क्रोमला ८० पासून, फायरफॉक्सला ७४ पासून, सफारीला १३.१ पासून कळते. त्याआधीच्या इंजिनाला ती फाइलमध्ये एकदा जरी दिसली, तरी पूर्ण फाइल नापास होते. तिच्यातले पॉलीफिलसुद्धा मग चालत नाहीत. सीएसएससारखं 'न कळलेलं सोडून पुढे' इथे होत नाही.

तेव्हा बेबल या रूपांतराच्या साधनाने कोड जुन्या व्याकरणात उतरवा. नेहमी राहून जातं ते हे, की तुमचा कोड उतरतो पण नोड-मॉड्यूल्समधली उसनी पॅकेजेस तशीच राहतात. '?.' बहुधा तिथूनच येतं. तयार झालेल्या अंतिम फाइलमध्ये शोधून पाहा. कोणते ब्राउझर सांभाळायचे ते सांगणाऱ्या ब्राउझर्सलिस्टमध्ये 'शेवटच्या दोन आवृत्त्या' असं मोघम लिहू नका, खरा आकडा द्या, उदाहरणार्थ क्रोम ६४ आणि आयओएस १२.

'नोमॉड्यूल'ची युक्ती (नव्या ब्राउझरला एक फाइल, जुन्याला दुसरी) वापरत असाल तर तिच्यातली फट ओळखा. मॉड्यूल क्रोमला ६१ पासून कळतात. म्हणजे ६१ ते ७९ या आवृत्त्या स्वतःला नव्या समजून नवी फाइल उचलतात आणि '?.' वर आपटतात. जुन्या-नव्याची सीमा तिथे ठेवायची असेल तर नव्या फाइलमध्येही '?.' नको.

पॉलीफिल पॉलीफिल-डॉट-आयओ या पत्त्यावरून येत असतील तर आजच काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ता दुसऱ्या हातात गेला आणि जूनमध्ये तिथून घातक कोड जात असल्याचं उघड झालं. कोअर-जेएस हा पॉलीफिलचा संच स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. सीएसएसमध्ये ओकेएलसीएचच्या आधीच्या ओळीत तोच रंग साध्या हेक्समध्ये (# लावलेल्या जुन्या पद्धतीने) लिहा, वेबपीमागे एक जेपेग ठेवा. अर्ज भरण्याचं पान स्क्रिप्टशिवायही सर्व्हरकडे पोचेल असं बांधा, संस्थेच्या साइटवर तेच सगळ्यात गरजेचं असतं. चूक शोधायला फोन यूएसबीने जोडून संगणकावरच्या क्रोममध्ये 'क्रोम:इन्स्पेक्ट' उघडा, कन्सोलमधली पहिली लाल ओळ पाहा. खालच्या दहा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

प्रश्न : विंडोज ९८ चं मशीन हौसेने जपलं आहे. त्याच्या मूळ ब्राउझरमध्ये आजची पानं दाखवता येतील का? (ठाणे)

येतील, पण काम दुसऱ्या मशीनने करायचं. त्याच वायफाय किंवा लॅनवर एक नवा संगणक मध्ये बसवा. त्यावर वेबवन हा प्रॉक्सी (दोघांमधला दुवा असलेला प्रोग्राम) चालवला, तर तो सुरक्षित जोडणी स्वतः करतो आणि जुन्या मशीनला साधं एचटीटीपी देतो. साध्या मजकुराच्या साइटना तेवढं पुरतं. स्क्रिप्टने भरलेल्या पानांसाठी डब्ल्यूआरपी (वेब रेंडरिंग प्रॉक्सी) घ्या. तो पान क्रोममध्ये उघडून त्याचं जिफ चित्र बनवतो आणि जुन्या ब्राउझरला ते चित्र पाठवतो. चित्रावर टिचकी मारली की ती जागा परत कळवली जाते आणि नवं चित्र येतं.

डब्ल्यूआरपी चालवणाऱ्या नव्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० असेल, तर जुन्या ब्राउझरमध्ये तो लिहून पुढे कोलन आणि ८०८० हा पोर्ट द्या. वर एक पट्टी येते. तिथे साइटचा पत्ता, रुंदी-उंची आणि रंगांची संख्या भरता येते. ८०० बाय ६०० च्या पडद्यावर रुंदी ७६० च्या आसपास ठेवा, आडवी सरकपट्टी येत नाही. रंग २५६ वरून १६ केले तर चित्र हलकं होतं, फोटो मात्र चिरगुटासारखे दिसतात. पान उघडत नसेल तर आधी नव्या संगणकाची फायरवॉल ८०८० अडवते आहे का ते पाहा. व्हिडिओची आशा ठेवू नका, दर हालचालीला पूर्ण चित्र नव्याने येतं.

दोन मशीनमधली वाट उघडी असते, तिथे पासवर्ड टाकू नका. आणि हा पोर्ट राउटरवरून बाहेर कधीही उघडा करू नका, नाहीतर तुमच्या संगणकावरचा ब्राउझर कोणीही चालवेल. नुसता शोध घेऊन मजकूर वाचायचा असेल तर एवढाही खटाटोप नको. फ्रॉगफाइंड ही साइट साध्या एचटीटीपीवर चालते, शोधलेली पानं सोलून फक्त मजकूर देते, आणि विंडोज ९८ ला तेवढं सहज झेपतं.